बाई संपल्या नव्हत्या

मी एक जुनी देग आहे, मित्रांनो. तांब्याची. पातेलं म्हणाल तर याद राखा. पातेली घरोघर असतात. देग गावात एकच असते, आणि आमच्या गावातली ती मी आहे.

माझा जन्म शहरातला. आता त्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात, तेव्हा औरंगाबाद म्हणायचे. तिथल्या एका बोळात एका कारागिरानं मला सपाट पत्र्यातून ठोकून ठोकून वर आणलं. माझ्या अंगावर जे गोल चट्टे दिसतात ते त्याच्या हातोडीचे. हल्लीची भांडी बघा, कशी गुळगुळीत असतात. त्यांना कुणी घडवलेलं नसतं, नुसतं दाबलेलं असतं. माझ्यात चाळीस घरांचा भात एका वेळी शिजतो, आणि मला उचलायला दोन कड्यांना दोन धडधाकट माणसं लागतात. एकट्यादुकट्याचं ते काम नाही.

गावानं वर्गणी काढून मला लासूर स्टेशनच्या पुढं, शिवना नदीकाठच्या आमच्या गावी आणलं. आल्या दिवशीच वडीलधाऱ्यांनी बसून ठरवून टाकलं की हिच्यात फक्त भात, डाळ आणि गोडधोड शिजेल, दुसरं काही नाही. म्हणजे हनुमानाच्या भंडाऱ्यालाही हीच आणि दर्ग्याच्या उरुसालाही हीच. माझं मत कुणी विचारलं नाही, पण निर्णय शहाणपणाचा होता, म्हणून मी गप्प बसले. त्या दिवसांत मला लई मान होता. लासूर स्टेशनचे कलईवाले मला 'बडी बी' म्हणायचे. ते नाव पुढं सगळ्या गावानं उचललं.

कलई म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण तुमच्या घरी सगळं स्टीलचं. तांब्याच्या भांड्याला आतून कथलाचा पांढरा हात द्यावा लागतो. तो हात उतरला आणि तरीही त्यात खारट-आंबट ठेवलं, की अन्न कळकतं. हिरवट होतं, जीभ कसनुशी होते आणि पोट असं ढवळतं की माणूस आडवा पडतो. भांडं तेच असतं. शिजवणारी तीच असते. पण ज्यांनी वेळेवर कलई केली नाही ते कडेला उभे राहून म्हणतात, "देगच खराब हाय."

मग मंडपवाल्यांची ॲल्युमिनियमची भांडी आली आणि मला समाजमंदिराच्या कोपऱ्यात ढकललं. वटवाघळं माझ्यावर बसायची. माझ्यावर! तिथून मला बाहेर काढलं ते आशाबाईनं. ती आमच्या प्राथमिक शाळेत खिचडी शिजवते. शाळेचं भांडं फुटलं आणि दुसरं काही येईना, तेव्हा ती म्हणाली, "आमची बडी बी काय मेली का?" आणि मला शाळेच्या पडवीत नेऊन चुलीवर बसवलं.

तिथं माझं शिक्षण झालं. भिंतीपलीकडं पहिलीचा वर्ग होता. पण शाळेत वर्ग चार आणि शिकवणाऱ्या एकट्या यास्मिनबाई. पहिलीचे 'ढ' पर्यंत पोचले की चौथीत मारामारी लागायची आणि बाई तिकडं पळायच्या. परत येईपर्यंत दुसरीची बेरीज वाट बघत असायची. म्हणून माझं शिक्षण 'ढ' वरच थांबलं. त्याच्या पुढं काय असतं ते मला आजही ठाऊक नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. वरून कधी मतदार मोजा, कधी जनावरं मोजा, कधी संडास मोजून त्यांचे फोटो काढा आणि मोबाईलवर चढवा. बाई संडास मोजायला गेल्या की शाळा सांभाळायची आशाबाईनं, खिचडीचा डाव हातात घेऊन. आणि परीक्षेत पोरांना वाचता आलं नाही की गाव कडेला उभं राहून म्हणायचं, "बाईच खराब हाय." मित्रांनो, हे वाक्य मला फार ओळखीचं वाटायचं.

शेवटी यंदा जिल्ह्यातले शिक्षक संपावर गेले. मागणी साधी होती. चार वर्गांना एक बाई चालणार नाही, दुसरा शिक्षक द्या. शहरात मोठ्या साहेबांच्या कचेरीसमोर त्यांनी मांडव घातला आणि बसले. आमचे सर्जेराव, म्हणजे शाळेच्या समितीचे अध्यक्ष, पारावर म्हणाले, "बाईला शाळेपेक्षा मांडव गोड लागतोय. बसू द्या. गावाचा तांब्यासुद्धा मिळणार नाही तिथं." तांब्याच नाही म्हटल्यावर देग कुठली मिळणार? मला परत समाजमंदिरात कोंडलं आणि किल्ली राखणदार पुंजारामबाबांच्या करगोट्याला बांधली.

आता हे पुंजारामबाबा मनानं सोनं, पण कानानं दगड. शेजारच्या गावचे सोमनाथ सर टेम्पो घेऊन आले. मांडवात पुष्कळ माणसं, भांडं नाही, म्हणून मला मागायला आले होते. ते बाबांच्या कानाशी ओरडले, "बाबा, बाई संपावर हायत! देग पाहिजे!"

बाबा मटकन खाली बसले. "बाई संपल्या?" त्यांच्या डोळ्यांतून धार लागली. "आरं देवा. कधी?"

"परवापासून!"

"लई गुणी होती रं लेकरू. माझ्या नातवाला नाव लिहायला तिनंच शिकवलं." बाबांनी करगोट्याची किल्ली सोडली. "न्या बाबा, देग न्या. कुणी अडवलं तर माझं नाव सांगा. मी येतो चाळिसाव्याला."

चाळिसावा म्हणजे मुसलमानांत मेल्यावरचा चाळिसावा दिवस, हिंदूंच्या तेराव्यासारखा. पण सोमनाथ सरांना वाटलं, म्हातारा मांडवाला पाठिंबा द्यायला यायचं म्हणतोय. ते म्हणाले, "चाळीस दिवस कशाला लागतात बाबा, त्याआधी मिटंल सगळं!"

"मिटंल कसं?" बाबा कळवळले. "दुःख हाय ते!"

अशी मी शहरात गेले, साठ-सत्तर वर्षांनी माहेरी. इकडं तासाभरात गावभर झालं की यास्मिनबाई वारल्या. चुली थंड पडल्या. सर्जेरावांची नात श्रेया, तिसरीतली, कोपऱ्यात बसून हमसून हमसून रडली. शेवटी सर्जेरावांनी स्वतः बाईंना फोन लावला. मी तेव्हा मांडवात बाईंच्या शेजारीच होते, आणि त्यांचा फोन मोठ्या आवाजावर असतो.

"बाई, तुम्ही... आहात का?"

"आहे की. मांडवात."

"म्हणजे जित्या?"

"तूर्त तरी. का हो अध्यक्ष?"

पलीकडं सर्जेरावांनी मोठा श्वास सोडला. मला तो श्वास ऐकू आला. सुटकेचा होता. पण पुरुषमाणसाची सुटका झाली की तिचा लगेच राग होतो. "आमच्या म्हाताऱ्याला फसवून गावची देग पळवली तुम्ही!" ते गरजले. "आता शाळेला कुलूप घालतो. तुम्ही खरंच मेल्या तरी उघडणार नाही. दुसऱ्या बाईची मागणी करतो, तुम्हाला आमच्या गावात जागा नाही."

फोन बंद झाला. बाईंचा चेहरा तांब्यासारखा काळवंडला. एवढी वर्षं त्यांनी त्या गावाला दिली होती, आणि गावानं एका वाक्यात हात झटकले. त्या रात्री जेवल्या नाहीत. सोमनाथ सर म्हणाले, "सोडा हो बाई, ते नुसते बोलतात." बाई म्हणाल्या, "बोलतात तसं करतात, सर. तेच त्यांचं वाईट."

आणि मग पाऊस आला. भादव्याच्या शेवटी आभाळ आमच्याच तालुक्यावर बसलं आणि उठेना. दोन दिवस मांडवाचं कापड डबडबून लोंबत होतं. सकाळी सकाळी आशाबाईचा फोन आला. मागं पोरांचा कालवा ऐकू येत होता.

"बाई, शिवना गावात शिरली! खालची आळी सगळी पाण्यात. आम्ही टेकाडावर शाळेत आलोय. माणसं हायत सगळी, पण लेकरं कालपासून उपाशी. लाकडं भिजली. अन् भांडं..." ती थांबली. "भांडं तर तुमच्याकडं हाय."

फोन तुटला. पुन्हा लागलाच नाही.

मित्रांनो, मी तांब्याची आहे, पण आतून मला घाम फुटला. नेमकं त्याच दुपारी साहेबांनी शिक्षकांना पहिल्यांदा चर्चेला बोलावलं होतं. सगळ्यांच्या वतीनं बोलणार होत्या यास्मिनबाई. एक शिक्षक म्हणाले, "बाई, आज तुम्ही गेलात तर आपली बाजू कोण मांडणार? अन् ज्या गावानं कुलूप घातलं त्या गावासाठी?"

बाई पदर खोचत होत्या. "गावानं कुलूप घातलंय सर, पोरांनी नाही." मग सोमनाथ सरांकडं वळून म्हणाल्या, "मांडवातले तांदूळ-डाळ टाका टेम्पोत. लासूर स्टेशनला गयासभाईकडं भट्टी अन् कोरडा कोळसा असतो. तिथंच शिजवू, म्हणजे गरम पोचंल."

गयासभाई आमचा कलईवाला. त्यानं मला टेम्पोतून उतरताना पाहिलं, सलाम केला, आत बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरलं. लाल.

"बाजी, इसमें नक्को पकाओ," तो म्हणाला. "बडी बी की कलई पूरी उतर गई."

मला ते ठाऊक होतं. मांडवात भात शिजला की लगेच वाढला जायचा, म्हणून निभावलं होतं. कळकायला अन्नाला वेळ लागतो. पण आज? पुढचा रस्ता कुठं वाहून गेलाय, कुठं तासन् तास थांबावं लागेल, कुणी सांगावं? मीठ घातलेली खिचडी अर्धा दिवस माझ्या उघड्या तांब्यात बसली असती. उपाशी लेकरांनी अधाशासारखी खाल्ली असती. मग उलट्या. दवाखान्याचा रस्ता पाण्याखाली. आणि दोष कुणाचा? संपावरच्या बाईचा. एवढं सगळं मला दिसत होतं आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं. तोंड केवढं मोठं आहे माझं, पण काय उपयोग!

"कलई करायला किती वेळ?" बाईंनी विचारलं.

"भट्टी थंडी है. एक-डेढ घंटा."

सोमनाथ सर उसळले. "बाई, तिकडं लेकरं रडतायत अन् तुम्ही इथं भांडी उजळत बसणार? बाजारातून बिस्किटं घेऊ अन् पळू!"

"बिस्किटं घ्या. ती पुढं पाठवून द्या कुणाबरोबर. पण खिचडी अशी न्यायची नाही."

"उशीर झाला तर गाव काय म्हणंल?"

बाई भट्टीकडं वळल्या. "उशिरा पोचलेलं अन्न खाता येतं, सर. कळकलेलं नाही. गयासभाई, करा कलई."

मला भट्टीवर उलटसुलट भाजलं. वाळूनं घासलं. नवसागराचा पांढरा धूर नाकातोंडात गेला. कापसाच्या बोळ्यानं कथील माझ्या पोटात फिरलं आणि चांदणं सांडावं तसं पसरत गेलं. एरवी मला या क्षणाचा गर्व वाटतो. पण त्या दिवशी प्रत्येक हाताला वाटत होतं, पुरे रे बाबा, लवकर कर. बाहेर पाऊस थांबत नव्हता. बाईंचा फोन वाजत होता. मांडवातून विचारत होते, साहेब आलेत, तुम्ही कुठं आहात? बाईंनी एकदाच उत्तर दिलं, "भट्टीपाशी," आणि फोन पिशवीत टाकला.

खिचडी शिजली. झाकणाला कणकीची कड लावून मला बंद केलं आणि निघालो. गावच्या अलीकडं ओढा आडवा आला. पूल दिसतच नव्हता, नुसतं गढूळ पाणी आणि त्यातून वाहणारे कडब्याचे पेंढे, एक खुराडं, कुणाच्या तरी घराचं दार. बिस्किटं घेऊन पुढं गेलेल्यानं वर्दी दिली होती, म्हणून पलीकडं गावची माणसं दोर घेऊन उभी होती. पुढं छातीएवढ्या पाण्यात सर्जेराव.

मला ट्रॅक्टरच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बसवून बांधलं आणि दोरानं पलीकडं ओढायला लागले. ओढ्याच्या मधोमध ट्यूब गिरकली. पाणी झाकणापर्यंत आलं. एवढ्या जन्मात मी विस्तवाला कधी भ्याले नाही, पण त्या पाण्याला भ्याले. माझं काय, मी बुडले असते तर तळाशी पडून राहिले असते. पण पोटातलं? सर्जेराव ओरडले, "सैल सोडू नका रं! तिरकी होतीय म्हातारी!" म्हातारी म्हणाले मला. त्या वेळेपुरतं मी माफ केलं.

बाई आणि सोमनाथ सर दोर धरून मागनं आले. टेकाडावर शाळेच्या ओट्यावर सगळं गाव भिजलेल्या गोधड्यांत बसलं होतं. बाईंना बघून श्रेया उठून उभी राहिली.

"बाई, तुम्ही मेल्या नव्हत्या का?"

"नाही गं. संपावर होते."

"मग आता संपल्या का?"

हसावं की रडावं ते कुणाला कळेना. पुंजारामबाबा तेवढे बाईंच्या तोंडाकडं बघत दोन्ही हात जोडून म्हणत होते, "आली रं, लेकरू माघारी आलं."

सर्जेराव मात्र चिखलानं भरलेले तसेच उभे राहिले. "दिवस कलल्यावर आल्या? लासूर स्टेशन काय लंडनला हाय? अन् तुमचे मांडवातले फोटोवाले कुठं दिसंनात?"

बाईंनी पोरांना ओळीनं बसवायला घेतलं. आशाबाईनं कणीक फोडून झाकण सरकवलं, आणि वाढायच्या आधी आत वाकून बघितलं. ती थबकली.

"बाई, कलई केली?"

"केली. म्हणून तर उशीर झाला."

आशाबाई कमरेवर हात ठेवून वळली. "अध्यक्ष, दिवाळीपासून मी कलई कलई ओरडत व्हते. बैठकीत तुम्ही काय बोलला? 'म्हातारीला आता नटायची काय गरज?' ही बाई तिकडून तशीच शिजवून घेऊन आली असती ना, तर आज सांजच्याला तुमची श्रेया माझ्या मांडीवर वकत बसली असती. अन् तुम्ही बाईचंच नाव घेतलं असतं. व्हय का नाय?"

सर्जेराव खाली वाकून पायाचा चिखल पुसायला लागले.

"अन् आणखी एक सांगते," सोमनाथ सरांकडं बघत आशाबाई म्हणाली, "या शाळेचं कुलूप आज पहाटं कुणी दगडानं फोडलं, विचारा. यांनीच. स्वतःच्याच कुलपाला शिव्या देत देत."

सोमनाथ सरांनाही मग राहवलं नाही. "आज दुपारी साहेबांपुढं बाईच बोलणार होत्या, अध्यक्ष. तुमच्याच शाळेला दुसरा शिक्षक मागणार होत्या. ते सोडून आल्या."

खिचडी वाढली गेली. लेकरं आधी, मग म्हातारी माणसं. सर्जेराव शेवटी बसले आणि पानातून मान वर न करता जेवले.

पाणी ओसरायला काही दिवस गेले. तोवर बाई तिथंच राहिल्या. त्या दिवसांत गावात मदतीच्या गाड्या आल्या. काही भल्या माणसांनी कोरं अंथरूण-पांघरूण आणलं, आणून ठेवलं, आणि ती नाव न सांगता गेली. काहींनी मात्र घरातली अडगळ आणून ओतली. एका साडीला पदरच नव्हता. एका पुड्यातल्या पिठात किडे चालत होते, आणि ते पीठ घेताना आशाबाईला फोटोसाठी हसायला लावलं. ती हसली. पण पीठ ओढ्यात टाकून दिलं.

मग एका सकाळी बाई म्हणाल्या, "मी उद्या मांडवात परत जाते."

सगळे चपापले. पारावर कुणीतरी पुटपुटलं, "एवढं झाल्यावरसुद्धा?"

"एवढं झाल्यावरसुद्धा," बाई म्हणाल्या. "पूर आला म्हणून शाळेत दुसरी बाई आली नाही अजून. वर्ग चारच आहेत. तुम्हाला माझ्या जागी दुसरी मागायची असंल तर मागा, अध्यक्ष. मी नाही म्हणणार नाही." पदराचं टोक त्यांनी बोटाला घट्ट गुंडाळलं होतं. आता हे गाव त्यांना काय उत्तर देतं, याची मला सर्जेरावांच्या तोंडावरून काही कल्पना येईना.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. मला मांडवात न्यायचं की नाही, हे कुणीच बोलेना. सोमनाथ सरांनी एक कडी धरली. दुसरी मोकळीच होती. ती मोकळी कडी, मित्रांनो, मला तोंडावर मारल्यासारखी लागत होती.

सर्जेराव उठले. धोतर खोचलं. दुसरी कडी धरली.

"मी तुमच्या बाजूचा झालो असं कुणी समजू नका," ते गुरगुरले. "गावची देग हाय. तुम्ही मास्तर लोक आपटाल."

आणि मला टेम्पोत चढवून ते स्वतःही चढले. खाली उतरलेच नाहीत.

मांडवात शिक्षकांनी त्यांना पुढं बसवलं. शेजारच्यानं आदरानं विचारलं, "सर, आपण कोणत्या शाळेचे?"

"मी सर नाय," सर्जेराव म्हणाले. "मी देगीबरोबर आलोय."

तेव्हापासून ते बसलेले आहेत. कुणी बाईंना 'कामचुकार' म्हणत मांडवाजवळून गेलं, तर आधी सर्जेरावांशी गाठ पडते.

मित्रांनो, मी 'ढ' पर्यंतच शिकले, पण एवढं सांगायला तेवढं पुरतं. पुरात सापडलेल्या माणसाला काही देणार असाल, तर स्वतःच्या लेकराला घालाल ते द्या. तो भुकेला असतो, उकिरडा नसतो. आणि तुम्हाला शिकवणाऱ्या माणसावर चौघांचं ओझं टाकून, वर त्यालाच नावं ठेवू नका. तो रस्त्यावर येऊन बसला तर आधी जाऊन विचारा की का बसलास. जमलं तर एक कडी धरा. सत्काराची शाल नंतर आणा, नाही आणली तरी चालेल.

त्या दुपारची चर्चा बाईंवाचून फिसकटली, आणि साहेबांचं पुन्हा बोलावणं अजून आलेलं नाही. आत्ता मी चुलीवर आहे. भाताला आधण आलंय. कचेरीचं दार वाजलं की मांडवातले सगळे तिकडं माना वळवतात, आणि बाई उगीचच माझं झाकण सरळ करतात. ते सरळच असतं.